देणारा, घेणारा आणि तिसरा



रोख पैसे घेऊन दुकानात जाणाऱ्या माणसाविषयी आज दोनच समज रूढ आहेत. एक तर त्याला मोबाइल नीट वापरता येत नसावा, नाहीतर त्याला काहीतरी लपवायचे असावे. पहिल्या समजापोटी त्याची कीव केली जाते आणि दुसऱ्यापोटी त्याच्यावर संशय घेतला जातो. हे दोन्ही समज आज तपासून पाहावेत असा माझा विचार आहे. रोखीची आवड असणाऱ्यांनी तिची कारणे क्वचितच मांडून दाखवली आहेत, पण कारणे आहेत आणि ती भक्कम आहेत. यूपीआयला माझा विरोध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अलीकडच्या काळात आपल्या देशात ज्या थोड्या सार्वजनिक सोयी खरोखर चांगल्या उभ्या राहिल्या, त्यांत तिची गणना करावी लागेल.

आकडे आधी पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरच्या व्यवहारांची संख्या प्रथमच महिन्याला एक हजार कोटींवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती दोन हजार कोटींच्या पुढे पोचली. आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०१६ मधल्या नोटाबंदीच्या आदल्या आठवड्यात देशात पावणेअठरा लाख कोटी रुपयांच्या आसपास नोटा चलनात होत्या. मार्च २०२५ अखेर त्या ३६ लाख कोटींच्या वर गेल्या होत्या. महागाई वाढली, उत्पन्न वाढले, हे धरूनही राष्ट्रीय उत्पन्नाशी रोकडीचे प्रमाण पूर्वी बारा टक्क्यांच्या आसपास होते आणि आजही अकरा-बाराच्या घरातच आहे. म्हणजे मोबाइलवरून पैसे देणे अनेक पटींनी वाढले आणि तरीही लोकांनी नोटा सोडल्या नाहीत. चहाचे दहा रुपये फोनवरून देणारा आणि कपाटात पाचशेच्या नोटांची गड्डी ठेवणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. मार्च २०२४ मध्ये चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्क्यांहून अधिक रक्कम एकट्या पाचशेच्या नोटांत होती, ती काही कोथिंबीर घ्यायला नव्हे. लोक रोकड खर्चायला कमी वापरतात, पण बाळगतात मात्र पूर्वीइतकीच. अडाणीपणा किंवा चोरटेपणा एवढ्यावर याचा उलगडा होत नाही. इतक्या कोटी माणसांना रोकडीत असे काय दिसते, जे मोबाइलमध्ये दिसत नाही?

त्यासाठी एका साध्या व्यवहाराच्या आत डोकवावे लागेल. भाजीवाल्याच्या गाडीला लटकवलेला क्यूआर आपण स्कॅन करतो, चाळीस रुपये टाकतो, पिन दाबतो. आपल्या अॅपकडून तो आदेश त्या अॅपशी जोडलेल्या बँकेकडे जातो, तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे, तिथून आपले खाते असलेल्या बँकेकडे. ती बँक पिन तपासून चाळीस रुपये वजा करते आणि तसे कळवते. मग भाजीवाल्याच्या बँकेला जमा करण्याची सूचना जाते, ती जमा करते, आणि गाडीवरचा साउंडबॉक्स खणखणीत आवाजात चाळीस रुपये मिळाल्याचे जाहीर करतो. हे सगळे दोन-चार सेकंदांत होते, ही कमालच आहे. पण त्या सेकंदांत निदान चार-पाच संस्था, दोघांचे मोबाइल नेटवर्क आणि कुठल्या तरी डेटा सेंटरमधली वीज यांनी त्या चाळीस रुपयांना होकार दिलेला असतो. त्यांतल्या एकाने जरी मान डोलावली नाही तर 'पेंडिंग दाखवतंय' असे म्हणत दोघेही एकमेकांच्या फोनकडे बघत उभे राहतात. रोखीच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा असे दोघेच असतात. नोट या हातातून त्या हातात गेली की देणे फिटले, कुणाच्या होकाराची वाट नाही. खात्यावरून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारात मात्र एक तिसरा असतो. तो बहुतेक वेळा सज्जन, तत्पर आणि फुकट सेवा देणारा असतो, हे मान्य. माझा मुद्दा एवढाच की तो असतो, आणि नाही म्हणण्याची ताकद त्याच्या हाती असते. रोख पसंत करणारा माणूस नवेपणाला बिचकत नाही. आपल्या पैशावर या तिसऱ्याचा किती ताबा असावा, याविषयी तो सावध असतो.

ही सावधगिरी फाजील आहे का? गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येतील, असा आदेश होता. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पण मुंबईतल्या कित्येक घरांचा, गृहनिर्माण संस्थांचा आणि छोट्या व्यावसायिकांचा पैसा तोवर अडकून पडला होता. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले. तिथे खाते असलेल्यांची अडचण समजण्यासारखी होती; पण फोनपे तेव्हा याच बँकेच्या आधाराने चालत असल्यामुळे ज्यांचा येस बँकेशी काडीचा संबंध नव्हता, अशांचेही फोनपे त्या रात्री बंद पडले. आपल्या बँकेत पैसे शाबूत असताना भलत्याच बँकेच्या दुखण्यामुळे आपले देणे खोळंबते, हे लाखो लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळले. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये तर यूपीआयची यंत्रणाच एकाहून अधिक वेळा काही तासांसाठी कोलमडली. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा तिथल्या दुकानांतली कार्डयंत्रे मुकी झाली आणि पाव-पाणी मिळाले ते खिशात नोटा असलेल्यांना.

हे अपघात झाले. त्याहून गंभीर प्रकार आहे तो खाती गोठवण्याचा. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा भामटे भराभर अनेक खात्यांतून फिरवतात. तक्रार आली की पोलिसांच्या सांगण्यावरून बँका त्या साखळीतली खाती रोखून धरतात, आणि फसल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्या साखळीच्या शेवटच्या कडीला एखादा हॉटेलवाला असतो, ज्याला कुणीतरी बिर्याणीचे तीनशे रुपये यूपीआयने दिलेले असतात. केरळात २०२३ मध्ये अशा कित्येक छोट्या व्यापाऱ्यांची खाती गोठली. काही प्रकरणांत तक्रार परराज्यातली, पोलीस ठाणे शेकडो मैलांवर, रक्कम काही शेकड्यांची आणि अडकलेले खाते मात्र संपूर्ण. गल्ल्यात आलेल्या नोटेने आजवर कुणाचे दुकान असे बंद पडलेले नाही. नोट आधी कुणाच्या हातात होती याचा जाब घेणाऱ्याला सहसा द्यावा लागत नाही. चलन म्हणून तिची उपयुक्तता बऱ्याच अंशी यातच आहे.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो सर्वांत वजनदार आहे. रोखीत तिसरा नसतो म्हणता, मग ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री काय झाले? पाचशे आणि हजारच्या नोटा, म्हणजे चलनातल्या रकमेचा ८६ टक्के भाग, एका भाषणाने बाद झाला. नोटेवर वचन रिझर्व्ह बँकेचे असते आणि ते मोडण्याची सत्ता सरकारकडे असते, तेव्हा तिसरा इथेही आहेच. आक्षेप खरा आहे. नोटेमागे शासन उभे असते आणि ते पाठ फिरवू शकते. जानेवारी १९४६ आणि जानेवारी १९७८ मध्येही मोठ्या रकमेच्या नोटा रद्द झाल्या होत्या. पण या दोन तिसऱ्यांच्या वागण्यात एक भेद आहे आणि माझ्या मते निर्णय त्यावर व्हावा. नोट रद्द करायची तर सगळ्यांची करावी लागते, उघड करावी लागते, तिच्यासाठी अधिसूचना, अध्यादेश, कायदा लागतो, संसदेत आणि न्यायालयात उत्तर द्यावे लागते. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोटाबंदी वैध ठरवली खरी, पण चारास एक अशा मतांनी, आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचा विरोधी निकाल कायमचा नोंदला गेला. खाते रोखायचे तर यातले काही करावे लागत नाही. ते एकेकट्याचे रोखता येते, गुपचूप रोखता येते, आणि खातेदाराला कळते ते दुकानात उभा असताना. नोटेमागचा तिसरा पिढीतून एखादवेळी आणि सर्वांसमक्ष हात घालतो. खात्यामागचा रोज, एकेकाच्या, कुणाला न दिसता घालू शकतो. सत्तेचा गैरवापर दुसऱ्या ठिकाणी अधिक सोपा असतो.

आणि नोटाबंदीने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. रोकड नाहीशी झाल्यावर बाजार समित्यांत कांद्याचे पैसे धनादेशाने द्यायला सुरुवात झाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना, जिथे शेतकऱ्यांची खाती होती, जुन्या नोटा स्वीकारायला बंदी घातलेली. धनादेश जमा व्हायला दिवसच्या दिवस लागत. नाशिक जिल्ह्यात काही व्यापाऱ्यांचे धनादेश वटलेच नाहीत आणि शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. लिलाव झाला, वजन झाले, हिशेबपट्टी हातात आली की रोख मोजून घ्यायची, या शेतकऱ्याच्या आग्रहाला तोवर मागासपणा म्हटले जात होते. वास्तविक तो जोखमीचा चोख हिशेब होता. माल एकदा व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये गेला की पैसे बुडण्याचा सगळा धोका शेतकऱ्याकडे येतो, आणि रोख घेतली तर तो धोका तिथेच संपतो.

आता 'काहीतरी लपवायचे असावे' या संशयाकडे येऊ. लपवायचे असते, हे मी कबूल करतो. प्रश्न कुणापासून, हा आहे. चर्चेत नेहमी एकच उत्तर गृहीत धरलेले असते, ते म्हणजे आयकर खाते. पण माणसाच्या पैशावर नजर ठेवणारे सरकारच्या आधी घरातच असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये लाखो बायकांच्या नोटा डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्यामागून बाहेर आल्या आणि नवऱ्यांना, मुलांना दाखवाव्या लागल्या. घरखर्चातून चार पैसे बाजूला टाकत जमवलेली ती रक्कम कुणाच्या दृष्टीने काळी होती? सरकारनेही तेव्हा घाईघाईने जाहीर केले की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेची चौकशी होणार नाही. पुढे २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही एका गृहिणीच्या अशा बचतीला उत्पन्न मानायला नकार दिला. कर माफ झाला, पण आडोसा गेला तो गेलाच. जॉइंट खाते, नवऱ्याच्या मोबाइलवर येणारा मेसेज, मुलाने मोबाइलमध्ये घालून दिलेले अॅप, यांत बाईच्या स्वतःच्या पैशाला जागा उरत नाही. माहेरच्या कुणाला गुपचूप दिलेले दोन हजार, डॉक्टरकडची एकटीने केलेली खेप, व्यसनी नवऱ्यापासून वाचवलेली फी, ही लपवाछपवी कुठल्याही अर्थाने गुन्हा नाही. समाजशास्त्रज्ञ विवियाना झेलिझर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की कुटुंबात पैसा कधीच एकसारखा नसतो. माणसे त्याचे कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्याचा अर्थ वेगळा असतो. मोबाइलवरच्या एका शिलकीच्या आकड्यात हे कप्पे विरघळून जातात.

करचुकवेगिरीला बगल देऊन चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. करमुक्त दूध-भाजी विकणारेही त्यांत सापडले. बेंगळुरूत दुकानांवरचे क्यूआर उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. सरकारला अखेर नरमाईची भाषा करावी लागली. करपात्र माल विकणारा आणि चाळीस लाखांवर उलाढाल असूनही नोंदणी न करणारा दुकानदार कर बुडवतोच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्या प्रसंगात दिसले ते असे की ज्याने प्रामाणिकपणे क्यूआर लावला तोच नजरेत भरला. आणि मोठ्या काळ्या पैशाचे काय? नोटाबंदीत बाद झालेल्या १५ लाख ४१ हजार कोटींपैकी १५ लाख ३१ हजार कोटी बँकांत परत आले, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक. काळा पैसा नोटांच्या गठ्ठ्यांत बसलेला आहे ही कल्पना तिथेच निकालात निघाली; तो जमिनीत, सोन्यात आणि कागदोपत्री कंपन्यांत असतो. मोठ्या नोटा हटवाव्यात असे सांगणारे अर्थतज्ज्ञ केनेथ रोगॉफ यांनीही २०१६ च्या आपल्या पुस्तकात छोट्या नोटा राहू द्याव्यात आणि बदल सावकाश करावा असेच म्हटले आहे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घ्यायला आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. ती जरूर असावी. तिच्या आतली रोकड म्हणजे बहुतांशी वाणसामान, मजुरी, भाडे आणि देवाधर्माचा खर्च.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. नोटा छापायला खर्च येतो. २०२३-२४ मध्ये तो पाच हजार एकशे कोटींच्या आसपास होता. पण यूपीआयही फुकट नाही. जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही असे ठरल्याने तिचा खर्च बँका आणि सरकारी अनुदान मिळून उचलतात, आणि तो उद्या कुणावर टाकला जाईल याचा वाद दरवर्षी नव्याने निघतो. डिजिटल नोंदीमुळे फेरीवाल्याला कर्ज मिळते, हा मुद्दा मला पटतो. ज्याला हवे त्याने नोंद ठेवावी. आणि रोखीने खर्च आटोक्यात राहतो याला केवळ आजीबाईंच्या अनुभवाचा आधार नाही. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमआयटीत केलेल्या आणि २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोख देणाऱ्यांच्या दुपटीपर्यंत बोली लावली होती. नोट हातातून सुटताना जे टोचते ते फोनवर टोचत नाही.

मग वाद कशासाठी, ज्याला जे आवडते ते त्याने वापरावे, असे कुणी म्हणेल. माझेही म्हणणे तेच आहे. अडचण अशी की निवड दोन्ही बाजूंनी सारखी राहिलेली नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजावाजा करून जाहीर झाले. दुकानादुकानांत स्वाइप यंत्रे आली. नोटांचा पुरवठा सुरळीत होताच व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्या आल्या. त्या वेळी कार्ड यंत्र लादले गेले आणि फसले. नंतर यूपीआय कुणी न लादता खेड्यापाड्यांत पोचली, कारण ती लोकांना सोयीची वाटली. लोकांना पर्याय समजत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. असे असताना कायदा कुठे झुकला आहे? २०१९ मध्ये आयकर कायद्यात कलम २६९ एसयू घातले गेले. पन्नास कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायाने रुपे, यूपीआय असे डिजिटल मार्ग ठेवलेच पाहिजेत, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये दंड. त्याच व्यवसायाने रोख घेतलीच पाहिजे, असे सांगणारे कलम नाही. रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम २६ नोटेला देशभर विधिग्राह्य ठरवते, पण काउंटरवर 'ओन्ली ऑनलाइन' अशी पाटी लावणाऱ्याला विचारणारे कुणी नाही. आणि खुद्द शासन काय करते? २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यावर फास्टॅग नसलेल्या वाहनाने रोख दिली तर दुप्पट टोल लागत होता. नोव्हेंबर २०२५ पासून तिथेच यूपीआयने दिला तर सव्वापट. म्हणजे आपणच छापलेल्या विधिग्राह्य नोटेवर शासन दंड आकारत होते. (दहा रुपयांचे नाणे घ्यायला नाकारणाऱ्या दुकानदाराला रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षे पत्रके काढून समजावते आहे, तेही याच देशात.)

ज्या देशांनी रोकड आपल्या आधी जवळपास संपवली, ते आता मागे वळत आहेत. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ मध्ये स्वीडनमध्ये निघाल्या आणि रोकड मोडीत काढण्यातही स्वीडनच पुढे होता. तिथे २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोख सेवा देण्याचे कायदेशीर बंधन आहे आणि संकटकाळासाठी घरात काही रोकड ठेवा असे सरकारच नागरिकांना सांगते. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला. न्यूयॉर्क शहराने २०२० मध्येच रोख नाकारणाऱ्या दुकानांना मनाई केली, आणि कारण दिले ते खाते नसलेल्या गरिबांचे. आपल्याकडेही एवढे तरी व्हावे: औषधे, अन्नधान्य, प्रवास, वीज-पाण्याची बिले, रुग्णालय आणि सरकारी कार्यालय इथे ठरावीक रकमेपर्यंत रोख नाकारता येऊ नये आणि तिच्यावर जादा आकारही घेता येऊ नये.

कायदा केला तरी तो नुसत्या कागदावर राहण्याचे कारण वेगळेच आहे. रोकड बंदीने मरणार नाही, सुट्ट्या पैशांअभावी मरेल. एटीएममधून पाचशेच्याच नोटा निघाल्या तर साठ रुपयांच्या रिक्षाभाड्याला यूपीआयखेरीज मार्ग राहत नाही. एसटीच्या वाहकाला क्यूआरचे यंत्र सोयीचे वाटते ते सुट्ट्यांवरून रोज होणाऱ्या कटकटीमुळेच. मग आकडेवारी दाखवून म्हणता येते की लोकांनी स्वखुशीने रोख सोडली. रिझर्व्ह बँकेला हे उमगलेले दिसते. एप्रिल २०२५ च्या तिच्या परिपत्रकाप्रमाणे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधल्या निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळायला हव्यात. दहा-वीसच्या नोटांचा त्यात उल्लेख नाही. मोफत मर्यादेपलीकडे पैसे काढायला मे २०२५ पासून प्रत्येक वेळी तेवीस रुपयांपर्यंत शुल्क लागते, ज्यात शंभर रुपये काढणारा मजूर जवळपास चौथा हिस्सा गमावतो. नाशिक रोडच्या छापखान्यात कोणत्या नोटा किती छापायच्या आणि त्या कोणत्या तालुक्यात किती पोचवायच्या, हा निर्णय रुक्ष आणि तांत्रिक वाटतो, त्यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख येत नाहीत. रोख वापरण्याचा हक्क शाबूत राहतो की नाही, हे मात्र बहुतांशी तिथे ठरते. म्हणून ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी पहिला प्रश्न विचारायचा तो तालुक्याच्या गावी दहा-वीसच्या नोटा बँकेत शेवटच्या कधी आल्या, हा.